एडासचा पिवळा लाइट लागला तर शोरूमला पळायच्या आधी हे बघा

एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारवर बघून गाडी स्वतःहून ब्रेक मारते, लेन धरते ती सिस्टिम. डॅशवर 'फ्रंट कॅमेरा बंद' नाहीतर 'रडार ब्लॉक' असलं काही दाखवायलंय की लोकं लगेच शोरूमला फोन लावतात. पिवळा लाइट असल तर एवढं घाबरायचं काम नाही, तुमचे पायातले ब्रेक चालूच असतात, फक्त गाडी स्वतःहून ब्रेक मारणार नाही आणि लेन धरणार नाही असं समजून चालवा, क्रूझ कंट्रोल लावू नका. ब्रेकचा लाल लाइट लागला तर मात्र गाडी तिथंच साइडला घ्या.

आता लाइट कधी लागतो ते ध्यानात ठेवा, निम्मं त्यातच कळतं.

पावसात शेताकडून आल्यावर लागला तर चिखल. रडार पुढच्या ग्रिलमधी, लोगोच्या मागं नाहीतर बंपरच्या खालच्या जाळीत असतो, आणि आपली काळी माती तिथं बसली की वाळून दगड होते. कोरडी खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं लावून ठेवा मग पुसा, प्रेशरचं पाणी जवळून मारू नका. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यात ब्लाइंड स्पॉटचे सेन्सर असतात (असतील तर), ते पण पुसा, ते कुणालाच आठवत नाहीत. दसऱ्याचा झेंडूचा हार आणि पुढं बांधलेली लिंबू-मिरची रडारसमोर लोंबत असल तर ती पण बाजूला घ्या. देवाला राग येणार नाही. बाहेरून बसवलेला लोखंडी गार्ड तर काढूनच टाका.

एप्रिल-मे मधी उन्हात उभी केलेली गाडी चालू केली की लागतो आणि एसी लावल्यावर जातो, तर काचेमागचा कॅमेरा तापलाय, फॉल्ट नाही. सूर्य समोर असताना लागला तरी तो फॉल्ट नाही. काचेवर वरून 'आई तुळजाभवानी'ची पट्टी लावली असल तर ती कॅमेऱ्यासमोर येते का बघा.

सकाळी चालू करताना एबीएस, स्टेअरिंग, एडास सगळेच लाइट एकदम लागले तर एडासच्या मागं लागू नका, बॅटरी चेक करा. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२ च्या खाली असल तर आधी तीच चार्ज करा नाहीतर बदला.

काच बदलली, बंपर काढला, अलाइनमेंट केलं आणि त्यानंतर लागला तर पुसून काही होणार नाही, कॅलिब्रेशनच लागतं, म्हणजे कॅमेरा-रडारची नजर परत नीट जुळवून घेणं. कॅमेरा जरासा जरी वाकडा बसला तरी लांबची गाडी त्याला भलत्याच लेनमधी दिसते. बाहेरचा काचवाला म्हणल काही गरज नाही साहेब, ऐकू नका. इन्शुरन्समधून काच बसवताना इस्टिमेटमधी कॅलिब्रेशन वेगळं लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही. काही गाड्यांचं समोर बोर्ड लावून होतं, काहींना पट्टे नीट असलेल्या रोडवर एका स्पीडनं चालवावं लागतं, जालन्याकडच्या माणसाला त्यासाठी समृद्धी बरा, खड्ड्यातल्या गावच्या रोडवर ते होतच नाही.

एवढं करूनही लाइट परत परत लागत असल तर मग स्कॅनर लावून घ्या, म्हणजे गाडीत साठलेले फॉल्टचे कोड वाचायचं मशीन. कोड खोडून टाकायच्या आधी फोटो काढायला सांगा, नाहीतर मेकॅनिक खोडतो, लाइट जातो, बिल होतं आणि परभणीला पोचेपर्यंत परत लागतो. आणि उसाच्या सीझनमधी बिनलाइटच्या ट्रॉल्या रात्री रोडवर असतात, त्या चालू एडासला पण दिसतीलच असं नाही, तिथं स्पीड कमीच ठेवा.