‘होमली’ मुलगी आणि इतर घोटाळे: इंग्रजी विशेषणांच्या या चुका टाळा

लग्नाच्या बायोडाटात ‘गृहकृत्यदक्ष’साठी ‘होमली’ लिहायची खोड काही जात नाही. भारतात ते खपतं. ब्रिटनमध्ये होमली म्हणजे घरगुती, ऊबदार. एखाद्या गेस्टहाउसचं कौतुक म्हणून ठीक. अमेरिकेत मात्र होमली माणूस म्हणजे दिसायला बेताचा. तिथेच वाढलेल्या मुलाकडे ‘सिंपल, होमली गर्ल’ असा बायोडाटा गेला, की आईवडीलच लेकीचं रूप काढताहेत असं त्याला वाटणार. वर ते ‘सिंपल’! माणसाला लावलं, की त्यातून ‘अकलेने जरा कमी’ असाही वास येतो. अशा वेळी विशेषण सरळ खोडावं आणि मुलगी काय करते ते लिहावं: स्वयंपाकाची आवड आहे, नोकरी अमुक आहे. गैरसमजाला जागाच राहत नाही.

‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ हे वाक्य मुलाखतीत हमखास येतं. ज्याला वाटतं तो इंटरेस्टेड, ज्यामुळे वाटतं ते इंटरेस्टिंग. ‘आय अ‍ॅम बोरिंग’ म्हणालात, तर कंटाळवाणे तुम्ही.

‘संवेदनशील’ला सेन्सिटिव्ह. सेन्सिबल म्हणजे समंजस, व्यवहारी.

‘जाड’ इंग्रजीत फुटतं. पुस्तक, भिंत, स्वेटर थिक. माणूस फॅट, तेही तोंडावर म्हणू नये. माणसाला थिक म्हटलंत, तर ब्रिटनमध्ये तो मठ्ठ ठरतो. ‘उंच’चंही तसंच: माणूस, झाड टॉल, डोंगर, छत हाय.

इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. धोरण पहिलं, स्कूटर दुसरी.

अलोन नामाच्या आधी येत नाही. ‘अ‍ॅन अलोन मॅन’ चूक.

या सगळ्याचं मूळ बहुतेकदा घाईत. वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-७ दाबायचं, समानार्थी शब्दांतला भारदस्त दिसेल तो चिकटवायचा. स्लिम, थिन, स्किनी तिथे शेजारी बसतात. पण स्लिम ही स्तुती, थिन हे नुसतं वर्णन, स्किनी म्हणजे हडकुळा. दहा दिवसांत पाचशे शब्द पाठ करणारे इथेच आपटतात, कारण त्यांच्या वहीत तिघांपुढे ‘बारीक’ एवढंच लिहिलेलं असतं. शब्द एकटा लिहूच नये, नामासकट लिहावा: थिक वॉल, टॉल ट्री. आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा लर्नर्स शब्दकोश उघडून अर्थाआधी उदाहरणं वाचावीत. शब्दापुढे ‘डिसअप्रूव्हिंग’, म्हणजे नापसंती दाखवणारा, अशी खूण दिसली, तर तो बायोडाटात नको.