हवामान आराखड्यात गावाचं म्हणणं मांडताय? या चुका टाळा

पहिली चूक माझीच. औसा तालुक्यातल्या एका गावात आम्ही हवामान आराखड्यासाठी, म्हणजे बदलत्या हवामानात गावानं काय करायचं याच्या नियोजनासाठी, बैठक ठेवली, ती सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी अकराला. सोयाबीन काढणीला आलेलं. सतरंजीवर सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी आणि ज्यांची वावरं बटईनं दिलेली आहेत असे चौघे. अहवालात मी लिहिलं, ‘ग्रामस्थांशी सविस्तर चर्चा झाली’.

वेळ चुकली की माणसं चुकतात

काढणी-मळणीत दिवसा बैठक नको. रात्री जेवणं उरकल्यावर मारुतीच्या पारावर बसा. बायका पारावर येत नाहीत, आल्या तरी बोलत नाहीत. कायद्यानं प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टर घरोघर फिरवून ‘होते’. ती खरोखर घ्या. हंडे भरायला कोण किती लांब जातं, हे तिथंच कळतं.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. बीड, धाराशिवकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ते उन्हाळा लागताना परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दुष्काळावर ठराव होतो, तेव्हा दुष्काळानं ज्यांना बाहेर काढलं ते कोल्हापूरकडे फडात असतात. त्यांचं म्हणणं हवं असेल तर 15 ऑगस्टची सभा धरा.

‘अनुकूलन’ म्हटलं की सभा गप्प

अनुकूलन म्हणजे बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं, पण असले शब्द सभेत चालत नाहीत. आम्ही ‘हवामान बदलामुळे काय फरक पडला?’ असं विचारायचो. सगळे म्हणायचे, ‘लई फरक पडलाय.’ पुढं काही नाही. मग विचारलं, ‘मृगात पेरलेलं शेवटचं कधी साधलं?’ तेव्हा एका आजोबांनी तासभर सांगितलं: 2014 च्या गारपिटीत झोपलेला गहू, 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी, 2025 च्या सप्टेंबरात पुरानं खरडून नेलेली माती. नक्षत्रावर आणि पिकावर बोला, माणसं आपोआप साल सांगतात.

मोघम बोलणं: सगळ्यात महाग चूक

‘पाऊस कमी झालाय’ असं लिहून दिलं की आराखडा करणारे साहेब वार्षिक आकडा काढतात. मराठवाड्याची सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास धरली जाते आणि कित्येक वर्षी बेरीज तेवढी भरतेही. खरं दुखणं वेगळं: ऐन फुलोऱ्यात तीन आठवडे उघडीप आणि मग दोन रात्रींत कोसळलेलं आभाळ. हे बेरजेत दिसत नाही. तुम्ही तारखा दिल्या तरच दिसतं.

त्यात पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तरच अतिवृष्टी. तुमच्या शिवारात ढग फुटला आणि मंडळाच्या ठिकाणी भुरभुर झाली, तर कागदावर भुरभुरच.

यावर उपाय घरचाच आहे. सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा झाड-भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं आतल्या पाण्याची उंची मोजा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. लिहा, डबा रिकामा करा. वेळ हीच का? हवामान खात्याची नोंदही साडेआठचीच असते, ताडून बघता येतं. शेजारच्या रकान्यात विहिरीचं पाणी दोरीनं मोजून लिहा. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तुम्ही दर पंधरा दिवसांनी मोजू शकता. एका बचत गटातल्या ताईंच्या दोनशेपानी वहीत दोन पावसाळे असे उतरले आहेत. बैठकीत सगळे बोलले, पण साहेबांनी फोटो काढला तो त्या वहीचा. वही भरपाई मिळवून देणार नाही, ते नियम वेगळे. आराखडा करणाऱ्याला मात्र ती खोडून काढता येत नाही.

मागणी म्हणजे सल्ला नव्हे

‘बंधारा द्या’ ही मागणी. ‘पूर्वेच्या नाल्यातलं पाणी ऑक्टोबरात आटतं, जुना बंधारा गाळानं भरलाय, आधी गाळ काढा’ हा सल्ला. काय करून बघितलं आणि काय फसलं, तेही लिहा. पोकराच्या (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या) गावात हे सूक्ष्म नियोजनाच्या, म्हणजे गावाचा आराखडा आखण्याच्या, वेळीच सांगा. आराखडा ग्रामसभेनं मंजूर केल्यावर नुसती हळहळ उरते. आणि उसाच्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण पुढच्या रांगेत ऊसवालेच बसलेले असतात. तो विषय चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, नावाशिवाय.

मुदत आणि भाषा

2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नियमांच्या मसुद्यावर केंद्रानं हरकती मागवल्या. दिल्ली उच्च न्यायालयाला मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली आणि मसुदा भारतीय भाषांत आणायला सांगावं लागलं. म्हणून मसुदा कळला की पहिल्याच आठवड्यात मराठी प्रत मागा. हरकत मराठीतच द्या, पोच घ्या. पुढं तिचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारता येतं. उत्तराची मुदत 30 दिवस.

सभा संपली म्हणून उठू नका

ठराव लिहिताना ‘पर्यावरणाबाबत चर्चा झाली’ एवढ्यावर भागवलं जातं. जागेवरच मोठ्यानं वाचून घ्या. गेल्या खेपेला आम्ही वाचायला लावला, तर ‘पावसाचा 21 दिवसांचा खंड’ याचं ‘पाणीटंचाई’ झालं होतं. ग्रामसेवकांनी कुरकुर केली, पण तिथंच खोडून बाजूला सही केली.