स्निपेट पाठवायचाय? टाकलात तिथूनच परत कॉपी करून बघा

कोडचे पाच-सात ओळींचे तुकडे, म्हणजे स्निपेट, आपण दिवसभर इकडून तिकडे देत असतो, कोणी विचारलं की एडिटरमधून उचललं, चॅटमध्ये चिकटवलं, "हे चालव" म्हटलं की आपलं काम संपलं. मग अर्ध्या तासाने समोरून "एरर येतेय रे" आणि त्यावर आपलं ठरलेलं उत्तर, "माझ्याकडे तर चालतंय". चालणारच, आपण एडिटरमधला कोड चालवला होता आणि त्याने चॅटमधला, आणि ते दोन्ही एकच असतील असं नाही.

म्हणून मी आता एकच गोष्ट न चुकता करतो. स्निपेट जिथे टाकलाय तिथूनच परत कॉपी करायचा, नवं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचं, रिकामा फोल्डर करायचा आणि तिथे पेस्ट करून चालवायचा. नवं टर्मिनल अशासाठी की जुन्यात सकाळपासून केलेले एक्सपोर्ट (सेट केलेली व्हेरिएबल), चालू करून ठेवलेलं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (पायथनची वेगळी मांडणी), कधीतरी बनवलेले एलियस (कमांडची टोपणनावं) असं सगळं साठलेलं असतं आणि आपला स्निपेट गपचूप त्यांच्या जिवावर चालत असतो. दोन मिनिटांचं काम आहे, कंटाळा येतो, पण करा.

वाटेत बिघडतं काय, तर सगळ्यात आधी अवतरणचिन्हं. आपण टाइप केलेलं सरळ " हे डॉक्युमेंट एडिटर आणि मेलवाले आपणहून गोल “ ” करून टाकतात, वाचायला छान दिसतं पण शेलला (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) त्या गोल चिन्हाचा काही अर्थच नसतो, ते त्याच्यासाठी एक साधं अक्षर. तसंच दोन हायफन जोडून एक लांब डॅश होतो आणि कमांडचा ऑप्शन ओळखूच येत नाही. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर सजवायच्या पद्धतीत) कोड ब्लॉक न करता पायथनमधलं __इनिट__ टाकलं तर दोन्हीकडचे अंडरस्कोअर खाऊन नुसतं ठळक "इनिट" उरतं, आणि इंडेंटेशन गेलं तर पायथनचा तो तुकडा संपलाच. उपाय सगळ्यांना माहीत असतो, वर एका ओळीत तीन बॅकटिक ``` आणि त्यांना लागूनच भाषेचं नाव, खाली परत तीन बॅकटिक. भाषेचं नाव लिहिलं की बहुतेक ठिकाणी रंगही येतात. स्निपेटच्या आतच तीन बॅकटिक असतील तर बाहेरच्या ब्लॉकला चार द्या, ही युक्ती मला फार उशिरा कळली.

स्क्रीनशॉट पाठवू नका. कोडचा तर नाहीच, एररचाही नको, एरर शोधायची असते लोकांना.

कमांडच्या आधी $ लिहायची सवय असेल तर सोडा, समोरचा पूर्ण ओळ कॉपी करतो आणि शेल म्हणतं $ नावाची कमांडच नाही. कमांड आणि तिचं आउटपुट एकाच ब्लॉकमध्ये कोंबू नका, दोन वेगळे ब्लॉक करा.

आता जागा भरायच्या खुणांचं बघू, म्हणजे "इथे तुझ्या फाइलचं नाव टाक" असं सांगायला आपण <फाइल> असं लिहितो ते. हे शेलमध्ये खरंच धोक्याचं आहे. < दिसलं की शेल समजतं या नावाच्या फाइलमधून इनपुट घ्यायचंय, आणि > दिसलं की पुढे जे नाव येईल त्या फाइलमध्ये आउटपुट लिहायचंय, ती फाइल आधीपासून असेल तर तिच्यातलं सगळं पुसून. घाईत कोणी आतलं नाव बदललं आणि कंस तसेच ठेवले तर कधी नुसती एरर येते, कधी एखादी चांगली फाइल रिकामी होते. त्यापेक्षा वरच्या दोन ओळींत व्हेरिएबल करा, फाइलचं नाव, पोर्ट, जे काय बदलायचं असेल ते सगळं तिथेच, खाली फक्त ती व्हेरिएबल वापरा. बदलायचं ते वर, बाकीच्याला हात लावायचा नाही, एवढं सांगितलं की पुरतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः खाल्लेल्या माराची. फाइलमधला एक शब्द जागच्या जागी बदलायला सेड (मजकूर बदलणारी कमांड) वापरायचा, मायनस आय (-i हा ऑप्शन) देऊन, अशी मी एक नोट लिहिलेली, लिनक्सवर तपासलेली. एकाने ती मॅकवर चालवली आणि त्याला अशी विचित्र एरर आली की आम्ही दोघं तासभर स्लॅश मोजत बसलो. कारण असं होतं की लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये मायनस आयच्या पुढे काही दिलं नाही तरी चालतं, पण मॅकवरच्या सेडला तिथे बॅकअपचं एक्स्टेन्शन (जुन्या फाइलच्या कॉपीच्या नावाला लावायचं शेपूट) लागतंच. ते न दिल्यामुळे त्याने आमची बदलायची सूचना एक्स्टेन्शन म्हणून घेतली आणि फाइलच्या नावालाच सूचना समजून वाचायला लागला. मी हुशारीने नोट बदलून मायनस आयनंतर जागा सोडून रिकामी अवतरणचिन्हं '' घातली, तर ती लिनक्सवर पडली, तिथे ती रिकामी सूचना ठरते आणि खरी सूचना फाइलचं नाव. शेवटी मायनस आयला चिकटून, मध्ये जागा न सोडता, .बॅक लावलं की दोन्हीकडे चालतं, वर जुन्या फाइलची कॉपीही राहते. तेव्हापासून नोटच्या पहिल्या ओळीत कुठल्या सिस्टिमवर, कुठल्या व्हर्जनवर आणि कधी चालवून बघितलं ते लिहितो. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला तरी प्रिंटला कंस नसलेले तुकडे अजून फिरतायत, त्यांच्यावर तारीख असती तर बघताक्षणीच कळलं असतं.

बाकी नोटमध्ये फार काही नको. हे कशासाठी आहे ती एक ओळ, नीट चाललं तर स्क्रीनवर काय दिसेल, आणि काही पुसणारं किंवा बदलणारं असेल तर मागे कसं यायचं. "दिसेल काय" हे लोक लिहीतच नाहीत, मग समोरच्याला कळत नाही की काहीच छापून आलं नाही म्हणजे झालं की फसलं.

स्निपेट टाकण्याआधी त्यात पासवर्ड, टोकन, एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) राहिलीय का ते डोळ्यांनी एकदा शोधा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा सीक्रेट गिस्ट (शेअर करायला टाकलेला कोडचा तुकडा) नावाला सीक्रेट आहे, लिंक असलेला कोणीही तो उघडू शकतो. आणि गिस्ट म्हणजे आतून एक गिट रिपॉझिटरीच (प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती जपणारा साठा) असते, त्यामुळे नंतर एडिट करून की काढली तरी जुन्या आवृत्तीत ती तशीच बसलेली असते. की एकदा बाहेर गेली की आधी ती रद्द करून नवी काढायची, पुसापुशी नंतर.

दुसऱ्याचा कोड उचलला असेल तर वर कमेंटमध्ये लिंक टाका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली असतात आणि त्यात श्रेय देणं ही अटच आहे. रिपॉझिटरीमधल्या ओळींची लिंक देणार असाल तर गिटहबवर ती फाइल उघडून कीबोर्डवरचं वाय दाबा, पत्त्यात ब्रँचच्या (बदलत राहणाऱ्या शाखेच्या) जागी कमिटचा हॅश (त्या क्षणाच्या आवृत्तीची न बदलणारी खूण) येतो. नुसती ब्रँचची लिंक दिली तर पुढच्या आठवड्यात कोणीतरी वर दहा ओळी घालणार आणि तुमची लिंक भलत्याच फंक्शनवर बोट दाखवणार.

आणि कोणी सांगितलं की चाललं नाही, तर दुरुस्ती त्याला एकट्याला चॅटमध्ये पाठवून मोकळे होऊ नका, मूळ नोट उघडा, तिथे बदला, तारीख नवी टाका, परत तिथूनच कॉपी करून चालवा, मग त्याला तीच लिंक द्या.