अजिकान ऐकायचंय? फुजिसावाहून गाडी पकडा

‘एशियन कुंग-फू जनरेशन’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईला वाटलं, मी कराटेच्या क्लासला नाव घातलंय. हा जपानी रॉक बँड. जपानमध्ये एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ‘अजिकान’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

या बँडकडे लोक येतात ते बहुतेक ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, दारातून. नारुतो मालिकेचं दुसरं सुरुवातीचं गाणं ‘हारुका कानाता’, फुलमेटल अल्केमिस्टचं ‘रिराइट’, ब्लीचचं ‘आफ्टर डार्क’. मीही तशीच आले, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवरून. मग ही चार-पाच गाणीच वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि बँड तिथेच संपतो. त्यावर माझा उपाय असा: गाजलेल्या गाण्यांची यादी लावू नका, एकाच अल्बमच्या जुन्या-नव्या जोड्या लावा. कारण या लोकांना आपलंच जुनं काम परत करायला घ्यायची खोड आहे, आणि त्यांची सगळी वाटचाल त्या खोडीत दिसते.

आधी लागेल तेवढीच माहिती. 1996 साली योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठातल्या म्युझिक क्लबात हे जमले. गोतो मासाफुमी गातो आणि गिटार वाजवतो, किता केन्सुके दुसरी गिटार, यामादा ताकाहिरो बेस, इजिची कियोशी ड्रम्स. आजही हेच चौघे. (‘बोच्ची द रॉक’ हे मुलींच्या बँडवरचं ॲनिमे बघितलं असेल तर ही आडनावं ओळखीची वाटतील. त्या चार मुलींना ती मुद्दाम दिलीत.) कव्हरवरची चित्रं नाकामुरा युसुकेची, ती एकदा पाहिलीत की दुकानात लांबूनही यांची सीडी ओळखू येते.

पहिली जोडी ‘सोल्फा’ची. हा अल्बम 2004 मध्ये आला आणि थेट ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या विक्रीच्या यादीच्या, पहिल्या नंबरावर गेला. 2016 मध्ये त्यांनी तोच पूर्ण अल्बम नव्याने रेकॉर्ड केला. दोन्ही लागोपाठ ऐकू नका, कान मरतात. एक शनिवारी, एक रविवारी. सुरुवात ‘रिराइट’ने करा. त्याच्या ध्रुवपदातला पहिला शब्द ‘केशिते’. जपानी शिकताना ‘ते-फॉर्म’ला रडलेल्यांना तो लगेच कळेल. आपल्या ‘पुसून’मधला ‘-ऊन’ जसा पुढच्या क्रियापदाची वाट बघतो, तसाच हा ‘ते’. पुसून काय? तर पुन्हा लिही. 2004 मध्ये गोतो हे ओरडून म्हणतो, घसा फाटेल की काय असं वाटतं. 2016 मध्ये आवाज ताब्यात आहे, तो नेमका कुठे सोडायचा ते त्याला ठाऊक आहे. मला जुनंच आवडतं. पण ‘रे:रे:’ मात्र नवंच ऐका. सुरुवातीची गिटार त्यांनी कॉन्सर्टमध्ये वाजवतात तशी लांबवली आहे, आणि शब्द येईपर्यंत आपण खुर्चीच्या टोकाला आलेलो असतो.

मधली वर्षं मी भरभर सांगते. 2006 चा ‘फॅनक्लब’ घुमा आहे. पहिल्यांदा आवडला नाही तर ठेवून द्या, सहा महिन्यांनी काढा. 2008 च्या ‘वर्ल्ड वर्ल्ड वर्ल्ड’मधलं ‘कोरोगारु इवा, किमी नि आसा गा फुरु’ चुकवू नका. बोच्चीच्या शेवटच्या भागात वाजतं ते याचंच नवं रूप. 2011 च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर गोतोने ‘द फ्यूचर टाइम्स’ नावाचं वर्तमानपत्र काढून फुकट वाटलं, अणुऊर्जेविरुद्ध उघड बोलला. पुढच्या वर्षीचा ‘लँडमार्क’ हे डोक्यात ठेवून ऐका. 2015 चा ‘वंडर फ्यूचर’ थेट फू फायटर्स या रॉक बँडच्या अमेरिकेतल्या स्टुडिओत झाला. दणदणीत आहे, पण माझ्या मनात फारसा रुतला नाही.

आता दुसरी जोडी, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

टोकियोच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, फुजिसावा ते कामाकुरा अशी एनोडेन नावाची छोटीशी रेल्वे आहे. 10 किलोमीटर, एकेरी रूळ, 15 स्टेशनं. 2008 च्या नोव्हेंबरात अजिकानने ‘सर्फ बुंगाकु कामाकुरा’ काढला. त्यात 10 गाणी, प्रत्येकाच्या नावात या लाइनवरचं एकेक स्टेशन, तेही क्रमाने. ‘फुजिसावा लूझर’पासून ‘कामाकुरा गुडबाय’पर्यंत.

2019 मध्ये भाषांतराच्या कामासाठी मी योकोहामाला होते. एका शनिवारी फोनमध्ये हा अल्बम भरला आणि फुजिसावाला गेले. गाडी हलली तसं पहिलं गाणं लावलं. दुसरं गाणं ‘कुगेनुमा सर्फ’ सुरू झालं, बाहेर पाहते तर यानागिकोजी. त्याआधी इशिगामीही येऊन गेलं होतं. 15 स्टेशनांना 10 गाणी, म्हणजे पाच स्टेशनं बिनगाण्याची, हा साधा हिशोब मी घरून करून निघाले नव्हते. पुढे सगळाच घोळ. कानात एक स्टेशन, पाटीवर दुसरं. वैतागून कोशिगोएला उतरायला गेले तर माझ्यासमोरचं दार उघडेचना. तिथला प्लॅटफॉर्म आखूड आहे. चार डब्यांची गाडी असली की एका डब्याची दारं बंदच राहतात. मुकाट्याने परत बसले. पुढच्याच मिनिटाला घरांच्या मधून गाडी एकदम बाहेर पडली आणि उजवीकडे समुद्र. कानात कुठलं गाणं होतं ते मला आजही आठवत नाही.

2023 च्या जुलैत बँडने हा अल्बम पुन्हा काढला, नावापुढे ‘कम्प्लीट’ लावून. या वेळी 15 गाणी. ‘इशिगामी हिल्स’, ‘यानागिकोजी पॅरलल युनिव्हर्स’, ‘वादाझुका वंडर्स’, सगळी राहिलेली स्टेशनं आली. मी तोवर पुण्यात परत आले होते. यादी वाचून स्वयंपाकघरात एकटीच हसले. माझं यानागिकोजी मिळालं एकदाचं!

जायचा योग आलाच तर एवढं करा. शिंजुकुहून ओदाक्यू लाइनने फुजिसावा गाठा. बहुतेक पर्यटक उलटे, कामाकुराहून चढतात. तसं केलंत तर अल्बम शेवटाकडून ऐकावा लागेल. ‘नोरिओरिकुन’ नावाचा दिवसभराचा पास घ्या. (नावाचं मराठी करायचं तर ‘चढउतारपंत’.) तो असला की हवं तिथे उतरता येतं. अख्खा अल्बम सलग लावू नका. दोन स्टेशनांमधलं अंतर जेमतेम दोन-अडीच मिनिटांचं, गाणी त्याहून मोठी, गाडी पुढे निघून जाते. चार-पाच स्टेशनं निवडा, उतरा, त्या त्या स्टेशनाचं गाणं प्लॅटफॉर्मवर बसून पूर्ण ऐका, मग पुढची गाडी पकडा. एनोशिमाला बेटापर्यंत चालत जा. ‘एनोशिमा एस्कार’ हे गाणं तिथल्या सरकत्या जिन्याच्या नावावर आहे. 1959 पासूनचा हा जिना पैसे घेऊन वर नेतो. खाली मात्र आपलं आपण उतरायचं. गाणं खाली उतरताना ऐका, पायऱ्यांवर छान बसतं.

उजव्या बाजूची खिडकी धरा. आणि कोशिगोएला उतरायचं असेल तर कोणत्या डब्याची दारं उघडत नाहीत याची घोषणा होते, तेवढ्यापुरते हेडफोन काढा.