डिलनच्या सुरुवातीच्या घरगुती टेप कशा ऐकाव्यात?

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनबद्दल एक प्रसंग हमखास सांगितला जातो. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा म्हणून ओळखला जाणारा डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि साथीला बँड घेऊन आला आणि श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. त्याच्या चार-पाच वर्षं आधी हाच मुलगा ओळखीपाळखीच्या लोकांच्या खोल्यांत टेपरेकॉर्डरसमोर बसून लोकगीतं गात होता. त्या टेप आज ऐकायला मिळतात. अल्बम ऐकतो तशा ऐकायला गेलात तर मात्र लवकरच कंटाळाल, कारण खरखर आहे, गाणी अर्धवट सुटतात, मध्येच गप्पा सुरू होतात. जुन्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं ऐकण्याची सवय असेल तर निम्मं काम झालंच म्हणायचं.

१. आधी टेपच्या मागचं बघा

डिलन मिनेसोटातल्या हिबिंग या लोहखाणींच्या गावात वाढला. शाळेत तो रॉक अँड रोल वाजवायचा. १९५९ च्या शालेय वार्षिकात आपली महत्त्वाकांक्षा म्हणून त्याने काय लिहिलं, तर रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डच्या बँडमध्ये जायचं! लोकसंगीत त्यानंतर आलं. लोकगायिका ओडेटाचं गाणं ऐकून आपण इलेक्ट्रिक गिटार देऊन साधी घेतली, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. म्हणजे १९६५ ला तो 'बदलला' म्हणताना पहिला बदल त्याआधीच होऊन गेला होता हे विसरायचं नाही. या टेपवर आहे तो लोकसंगीतात नुकताच शिरलेला, आधाशासारखी गाणी गोळा करणारा पोरगा. घराण्याचा वारस म्हणून ऐकाल तर फसाल.

२. तारखेप्रमाणे लावा

किमान तीन टेप क्रमाने घ्या. मे १९६०, मिनेसोटातलं सेंट पॉल. मे १९६१, शेजारचं मिनियापोलिस. आणि २२ डिसेंबर १९६१, पुन्हा मिनियापोलिस. ही डिलनचा मित्र टोनी ग्लोव्हरने रेकॉर्ड केली, आणि राहत्या घरात झालेली असूनही 'हॉटेल टेप' म्हणूनच ओळखली जाते. पहिली आणि दुसरी यांच्या मध्ये डिलन जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि न्यू जर्सीतल्या इस्पितळात असलेल्या लोकगायक वुडी गथ्रीला भेटू लागला. तिसरीच्या महिनाभर आधी त्याचा पहिला अल्बम स्टुडिओत मुद्रित झाला होता, पण तो बाजारात आला मार्च १९६२ मध्ये.

३. लेबलवर विसंबू नका

हातोहात फिरलेल्या टेपवर काय लिहिलेलं असेल याचा नेम नसतो. १९६६ च्या दौऱ्यातली डिलनची सर्वांत गाजलेली चोरटी ध्वनिमुद्रिका (बूटलेग) वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने खपली. मैफल झाली होती मँचेस्टरला. १९९८ ला अधिकृत संच आला तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं, इतकं ते रुजलं होतं.

४. वेग तपासा

हे काम बहुतेक जण टाळतात, आणि त्यामुळेच 'आवाज किती कोवळा होता' अशी भलती विधानं होतात. घरगुती रेकॉर्डरचा वेग एकसारखा नसायचा, त्यात नकलेची नक्कल निघत गेली. टेप पाच टक्के जलद धावली तर काळी एकचा गाणारा जवळपास पांढरी दोनला जाऊन बसतो.

ताडून बघायला विजेच्या पुरवठ्याची हमिंग कामी येते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची आणि तिच्या पटीत १२०, १८० वगैरे असते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, दोन गाण्यांमधला गप्प भाग निवडा आणि अ‍ॅनलाइज मेनूमधून 'प्लॉट स्पेक्ट्रम' काढा. साइझ सर्वांत मोठा ठेवा, नाहीतर खालच्या पट्ट्यात काही कळत नाही. १८० च्या जागी टोक १८९ ला दिसलं तर टेप पाच टक्के जलद आहे; वेगाचा गुणक ०.९५२ द्या. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्टच वापरायचा, नुसती पट्टी किंवा नुसती लय बदलणारा नाही. नक्कल करताना दुसऱ्या यंत्राची हमिंग मिसळलेली असू शकते, म्हणून दोन टोकं दिसली तर घाई करू नका. निर्णय शेवटी कानानेच घ्या. बोलण्याचा आवाज माणसासारखा वाटतो का, ते गप्पांत चटकन कळतं.

५. साफसफाई आवरती घ्या

खरखर काढायच्या नादात तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज आणि श्वास दोन्ही जातात. शिवाय 'नको असलेला' आवाज नेमका कुठला, हे कोणी ठरवायचं? २५ जून १९६४ ला गायिका जॅनिस जॉप्लिन गिटारवादक योर्मा काउकोनेनच्या कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारामधल्या घरी ब्लूज गात होती, तो गिटारवर होता आणि त्याची बायको मार्गारेटा तिथेच टाइप करत बसली होती. ती टकटक मुद्रणात इतकी ठळक आहे की त्या टेपचं नावच 'टाइपरायटर टेप' पडलं. ती टकटक पुसून टाकली तर त्या घरातलं काय उरेल?

६. आता ऐका

पहिल्या फेरीत फक्त आवाज. मे १९६० चा गळा मऊ, जवळजवळ गोडच आहे, आणि अनेकांना त्यात त्याच्याच १९६९ च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन' अल्बमची आठवण होते. डिसेंबर १९६१ पर्यंत तो खरबरीत झालेला आहे. अवघ्या दीड वर्षांत गळा एवढा पिकत नाही. माझ्या मते तो खरखरीतपणा त्याने जाणूनबुजून कमावला. दुसऱ्या फेरीत गिटारचा उजवा हात ऐका. शेवटच्या टेपवरच्या ब्लूजमध्ये हा हात इतका जोर काढतो की मागे ढोलकऱ्याची जागा रिकामी ठेवल्यासारखी वाटते.

नमुना हवा असेल तर २००५ च्या 'नो डायरेक्शन होम' संचाच्या सुरुवातीला १९५९ आणि १९६० ची घरगुती मुद्रणं आहेत, पुढे हॉटेल टेपमधलीही गाणी आहेत. ती झाली की थेट न्यूपोर्टवर उडी मारू नका. आधी डिसेंबर १९६२ ची 'मिक्स्ड-अप कन्फ्यूजन' ही एकेरी तबकडी लावा. ड्रम आणि पियानोसकट पूर्ण बँड, गाणारा २१ वर्षांचा, आणि न्यूपोर्टला अजून अडीच वर्षं आहेत.