थंडरबर्डला ऑफिसची अॅड्रेस डिरेक्टरी कशी जोडायची

ऑफिसात थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं म्हणजे शेजारच्या आउटलुकवाल्याने नुसतं 'कुल' टाइप केलं की कंपनीतले सगळे कुलकर्णी समोर येतात आणि आपल्याला फक्त ज्यांना आधी मेल केलाय तेवढेच दिसतात. मग लोक एचआरकडून एक्सेल मागवतात, सीएसव्ही करून इम्पोर्ट करतात आणि वर्षभरात त्यातले कितीतरी पत्ते शिळे होतात. कृपा करून ते करू नका. कंपनीचा डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची नावं-पत्ते ठेवणारा) एलडॅप, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारायची ठरलेली भाषा, बोलत असेल तर थंडरबर्ड त्याला थेट विचारू शकतो, वेगळं अॅड-ऑन वगैरे काही लागत नाही.

आधी आयटीवाल्यांकडून चार गोष्टी घ्या: सर्व्हरचं पूर्ण नाव, पोर्ट, बेस डीएन (डिरेक्टरीत शोध कुठून सुरू करायचा ते) आणि लॉगिनसाठी बाइंड डीएन (डिरेक्टरीतलं तुमचं पूर्ण नाव). आणि हे पण विचारा की एलडॅप चालू आहे ना, कारण कंपनी पूर्णपणे मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या क्लाउडवर असेल तर सहसा एलडॅप मिळतच नाही, मग पुढची खटपट वाया. पोर्ट साधं असेल तर ३८९, एसएसएलवालं, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, असेल तर ६३६. माझं ऐका, ६३६ च मागा, ३८९ वर साध्या लॉगिनने गेलात तर पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो आणि तो तुमचा विंडोजचाच पासवर्ड असतो.

बेस डीएन कोणालाच माहीत नसेल (असं होतं!) तर डोमेनमधल्या विंडोज मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हूअॅमआय' लिहा, मग स्पेस, स्लॅश, एफक्यूडीएन. उत्तर येईल साधारण असं: सीएन=तुमचं नाव,ओयू=पुणे,डीसी=कंपनी,डीसी=लोकल. यातले शेवटचे 'डीसी'वाले तुकडे घेतले की झाला बेस डीएन. (टाइप अर्थातच सगळं इंग्रजीत करायचं.) 'ओयू=पुणे' सकट घेतलात तर फक्त पुण्याची माणसं सापडतील, नाशिक प्लांटवाले गायब.

आता थंडरबर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून अॅड्रेस बुक उघडा, 'न्यू अॅड्रेस बुक'च्या बाजूच्या बाणातून 'अॅड एलडॅप अॅड्रेस बुक' निवडा. नाव काहीही द्या. होस्टनेममध्ये नुसतं सर्व्हरचं नाव टाका, पुढे एलडॅप-कोलन-स्लॅश-स्लॅश लावू नका, आयपी पण नको, कारण सर्टिफिकेटवर (म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर) नाव असतं आणि ते जुळलं नाही तर कनेक्शनच होत नाही. 'यूज सिक्युअर कनेक्शन'वर टिक करा, पोर्ट ६३६ आहे ना बघा. अॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टचा डिरेक्टरी सर्व्हर) असेल तर बाइंड डीएनमध्ये ते लांबलचक नाव लिहायची गरज नाही, तुमचं लॉगिन@डोमेन असं टाकलं तरी चालतं.

अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्कोप 'सबट्री' ठेवा, म्हणजे खालच्या सगळ्या शाखांतही शोध होतो. सर्च फिल्टरमध्ये (मेल=*) टाकलं, म्हणजे कंस, मेल, बरोबरचं चिन्ह, तारा, कंस बंद, तर ज्यांना ईमेल पत्ता आहे तेवढ्याच नोंदी येतात, कॉम्प्युटर न् प्रिंटरचा कचरा येत नाही.

ओके केल्यावर डिरेक्टरी रिकामी दिसते. इथेच बरेच जण 'झालं नाही' म्हणून सोडून देतात! ती तशीच असते, सर्च केल्याशिवाय काही दाखवत नाही. नाव शोधा, पासवर्ड विचारेल, तो द्या, माणसं येतील.

पण मेल लिहिताना नावं सुचायला हवी असतील तर अजून एक टिक लागते: सेटिंग्जमध्ये कंपोझिशन, तिथे अॅड्रेसिंगखाली 'डिरेक्टरी सर्व्हर'वर टिक करून आपली डिरेक्टरी निवडा. हे राहिलं तर एवढं सगळं जोडूनही 'टू'मध्ये काहीच सुचत नाही.

सर्चला काहीच येत नसेल आणि एररही नसेल तर बहुतेक वेळा सर्टिफिकेटचं दुखणं असतं. कंपनीने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर आयटीकडून रूट सर्टिफिकेटची फाइल घ्या आणि सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मॅनेज सर्टिफिकेट्स, ऑथॉरिटीज इथे इम्पोर्ट करा. घरून काम करताना व्हीपीएन लागलंय का तेही बघा. आणि एकच माणूस सापडत नसेल तर आधी स्पेलिंग बदलून बघा, चौधरींची स्पेलिंगं तर माणसागणिक वेगळी, मग आडनावापेक्षा पहिलं नाव शोधलेलं बरं.

ऑफलाइन टॅबमध्ये 'डाउनलोड नाऊ' आहे, पण अॅक्टिव्ह डिरेक्टरी एका दमात डीफॉल्टने १००० च नोंदी देते, त्यामुळे मोठ्या कंपनीत त्याच्या भरवशावर राहू नका.

विंडोजचा पासवर्ड बदललात की सेटिंग्जमधल्या सेव्ह्ड पासवर्ड्समधून एलडॅपची जुनी नोंद लगेच उडवा. नाहीतर थंडरबर्ड जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि कंपनीची लॉकआउट पॉलिसी कडक असेल तर अख्खं अकाउंट लॉक होऊ शकतं.