तहसीलच्या अभिलेख कक्षात माहिती अधिकाराचा अर्ज कसा हाताळावा

माहिती अधिकाराचा अर्ज टपालाने आला की तो आधी आवक शाखेत बारनिशीला, म्हणजे आवक नोंदवहीत, चढतो, तिथून तहसीलदारांच्या टपालात जातो, त्यावर शेरा होऊन शाखेकडे येतो, आणि जन माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचेपर्यंत बहुधा चौथा दिवस उजाडलेला असतो. तीस दिवसांची मुदत सर्वांच्या तोंडी असल्यामुळे या उशिराचे कुणाला विशेष वाटत नाही. परंतु माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मध्ये दोन कामांसाठी पाचच दिवस दिलेले आहेत आणि ते अर्ज कार्यालयात मिळाल्यापासून मोजले जातात. मी ज्या प्रकरणांत अपिलाच्या सुनावणीला उभा राहिलो, त्यांतील बहुतेकांचे मूळ या पहिल्या आठवड्यातल्या हलगर्जीपणात होते. म्हणून नव्याने नेमणूक झालेल्या सहकाऱ्यांसाठी, आणि आपला अर्ज आत गेल्यावर त्याचे काय व्हायला हवे हे जाणू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठीही, हे सारे क्रमाने लिहीत आहे.

अर्ज स्वीकारताना

अर्जावर मिळाल्याच्या तारखेचा शिक्का त्याच दिवशी उमटला पाहिजे आणि अर्जदाराला पोच मिळाली पाहिजे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये असून ते रोखीने, धनाकर्षाने किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. स्टॅम्प लावलेला असल्यास तो तिथल्या तिथे रद्द करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराकडून शुल्क घ्यायचे नसते, मात्र त्या दाखल्याची प्रत अर्जासोबत आहे का, हे पाहावे. माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि तिच्यात मिळाल्याचा दिनांक, पाचवा दिवस आणि तिसावा दिवस असे तीन रकाने आखून घ्यावेत. एवढ्या एका सवयीने निम्मी धावपळ वाचते.

अर्जदाराला माहिती कशासाठी हवी, हे विचारू नये; कलम 6(2) तशी मुभा देत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे लेखी उतरवून देण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. राज्याच्या नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एका विषयापुरता आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा. येथे ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाला महत्त्व आहे. शब्द मोजून दहा-वीस अधिक भरले म्हणून अर्ज परत पाठवणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यातून काम कमी होत नाही, एक अपील मात्र वाढते.

मागणी नेमकी कोणत्या कागदाची आहे?

अभिलेख कक्षाकडे येणारे बरेच अर्ज प्रश्नाच्या रूपात असतात. ‘आमच्या वडिलोपार्जित जमिनीला दुसऱ्याचे नाव कसे लागले, याची माहिती मिळावी,’ असे एखादा शेतकरी लिहितो. यावर ‘मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहिती देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर तयार असते आणि त्याला आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या 2011 च्या निकालाकडे बोट दाखवले जाते. जी माहिती अभिलेखात आहे तीच द्यायची, नव्याने तयार करायची नाही आणि स्वतःचे मत किंवा अर्थ सांगायचा नाही, असे त्या निकालात म्हटले आहे, हे खरेच आहे. परंतु या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या मतात नसून कागदात आहे. सातबाऱ्यावर त्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक धरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की नाव कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने लागले ते दिसते. हरकत घेतली गेली असेल तर विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, नमुना 6-अ, पाहावी. वारसाने नाव लागले असेल तर वारसांची नोंदवही, नमुना 6-क. तेव्हा अर्ज वाचताना कागद घेऊन चार गोष्टी लिहून काढाव्यात: गाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक, कालावधी आणि या मागणीला लागू पडणारा दस्तऐवज. यातील एखादी गोष्ट अर्जावरून कळत नसेल तर अर्जदाराला दूरध्वनी करावा आणि काय बोलणे झाले याची टिपणी नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, ठेवावी. अर्जदार सहसा आनंदाने सांगतात.

पहिल्या पाच दिवसांतील कामे

मागितलेला कागद आपल्या कार्यालयाचा नाही, असे दिसले तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज, किंवा त्याचा तेवढा भाग, संबंधित प्राधिकरणाकडे पाच दिवसांच्या आत हस्तांतरित करून अर्जदाराला तसे कळवायचे असते. मोजणीचा नकाशा भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे असतो, नोंदणीकृत खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे असते, हे ग्रामीण अर्जदाराला ठाऊक असेलच असे नाही. ‘ही माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे अठ्ठाविसाव्या दिवशी कळवणे म्हणजे त्याचा महिना वाया घालवणे होय. कागद आपल्याच कार्यालयाच्या दुसऱ्या शाखेत असेल तर हस्तांतरणाचा प्रश्न येत नाही. कलम 5(4) खाली त्या शाखेच्या कर्मचाऱ्याकडे तारीख घालून लेखी मागणी करावी, कारण ज्याचे साहाय्य मागितले तोही कलम 5(5) नुसार त्या कामापुरता जन माहिती अधिकारीच मानला जातो.

पाच दिवसांचे दुसरे काम त्रयस्थ पक्षाचे. एखाद्या व्यक्तीने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्याचा विचार असेल, तर कलम 11 प्रमाणे तिला पाच दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे मांडण्यास दहा दिवस मिळतात. अशा प्रकरणात निर्णय चाळीस दिवसांत व्हावा लागतो. ही नोटीस सरसकट प्रत्येक अर्जात काढण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. ती चुकीची आहे. फेरफार नोंदवही हा सर्वांना पाहता येणारा अभिलेख आहे, त्यासाठी कुणाचीही संमती विचारावी लागत नाही. ज्या अर्जाचा संबंध व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी असेल त्याला मात्र 48 तासांत उत्तर द्यायचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

कागद शोधणे

खरे काम इथे आहे. महसुली अभिलेखांचे वर्गीकरण ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे 30 वर्षे, ‘क’ म्हणजे 10 वर्षे, ‘क-1’ म्हणजे 5 वर्षे आणि ‘ड’ म्हणजे 1 वर्ष असे असते. शोध सुरू करण्यापूर्वी मागितलेला कागद यांपैकी कोणत्या वर्गातला, हे ठरवावे. त्यावरून तो कक्षात असायलाच हवा की नियमाप्रमाणे नष्ट झालेला असू शकतो, हे आधीच कळते. कलम 4(1)(क) ने प्रत्येक कार्यालयावर अभिलेखांची सूची व निर्देशिका ठेवण्याचे बंधन घातले आहे. ज्या कक्षात गावनिहाय याद्या तयार असतात आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचता येते, तिथे दहा मिनिटांत काम होते. याद्या नसतील तर फावल्या वेळात दर आठवड्याला एका गावाची यादी करायला घ्यावी. दोन-अडीच वर्षांत तालुका पूर्ण होतो, आणि पुढच्या कर्मचाऱ्यावर ते फार मोठे ऋण राहते.

नेमणुकीच्या पहिल्या वर्षी मी एका वृद्ध अर्जदाराला त्यांच्या आजोबांच्या नावचा फेरफार ‘अभिलेखात आढळून येत नाही’ असे कळवले होते. त्यांच्या गावाचा गठ्ठा मी पानन्‌पान चाळला होता, त्यामुळे मनात शंका नव्हती. प्रथम अपिलात पुन्हा शोध घेण्याचा आदेश झाला, तेव्हा आमच्या जुन्या अभिलेखपालांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे गाव पूर्वी कुठल्या तालुक्यात होते?’ तालुक्याचे विभाजन झाले तेव्हा गाव इकडे आले, पण जुनी नोंदवही मूळच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात राहिली होती. लाल कापडाच्या बस्त्यात, वाळवीने कडा खाल्लेल्या त्या वहीत नोंद सुस्थितीत होती. अर्जदारांना दोन वेळा एसटीने यावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून ‘आढळून येत नाही’ हे शब्द लिहिण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहतो: गावाचा पूर्वीचा तालुका, गट होण्यापूर्वीचा सर्व्हे क्रमांक, आणि शेजारच्या दोन गावांचे गठ्ठे.

जुन्या नोंदींचे मोल आता सर्वांना कळले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1967 पूर्वीच्या कुणबी नोंदींसाठी राज्यभरातील अभिलेख कक्ष उघडले गेले. गाव नमुना 14, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, त्यात विशेष महत्त्वाची ठरली. जातीच्या रकान्यात नुसते ‘कु.’ एवढेच अक्षर, तेही कित्येक ठिकाणी मोडीत. अशा मागणीत नोंद मोडीत आहे म्हणून नकार देता येत नाही. पानाची सत्यप्रत द्यावी. लिप्यंतर करून देणे हे मात्र या कायद्याखाली आपल्यावर बंधनकारक नाही. अर्जदाराला मोडी वाचकाची चौकशी कुठे करता येईल ते सांगावे.

शोध घेऊनही कागद मिळाला नाही तर कोणते गठ्ठे, कोणत्या तारखांना, कुणी पाहिले याची टिपणी लिहावी. नियमाप्रमाणे नष्ट झाला असेल तर नाशनाच्या मंजुरीचा आदेश व यादी यांची प्रत उत्तरासोबत द्यावी. नुसता ‘गहाळ’ हा शब्द धोक्याचा आहे, कारण विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्यास महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तसेच ज्या कागदाची मागणी झाली आहे, तो त्याची मुदत संपली तरी नष्ट करता येत नाही.

शुल्क कळवणे आणि दिवस मोजणे

प्रतींचा दर पानाला 2 रुपये आहे. टपालाने हव्या असल्यास प्रत्यक्ष टपालखर्च वेगळा. शुल्काच्या पत्रात हिशेब मांडून दाखवावा, उदाहरणार्थ 48 पाने गुणिले 2 बरोबर 96 रुपये, आणि त्या शुल्काविरुद्ध दाद कोणाकडे मागता येते, हेही लिहावे. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ तीस दिवसांतून वगळला जातो. अर्ज 3 जूनला मिळाला, पत्र 12 जूनला निघाले, तर नऊ दिवस खर्च झाले. 27 जूनला पैसे भरले तर उरलेले एकवीस दिवस तिथून धरून 18 जुलैपर्यंत प्रती द्याव्या लागतात. हेच पत्र एकोणतिसाव्या दिवशी काढले तर हाती एकच दिवस उरतो. मुदत उलटल्यास कलम 7(6) प्रमाणे सर्व प्रती विनाशुल्क द्याव्या लागतात.

मागणी शेकडो पानांची असेल तर अर्जदाराला अभिलेख पाहण्यास बोलवावे आणि हव्या त्या पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावायला सांगाव्यात. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क आहे. पाहणीच्या वेळी कर्मचारी समोर बसलेला असावा, पाने आधी क्रमांकित केलेली असावीत. पुणे महापालिकेत सुरू झालेली सोमवारी अभिलेख पाहू देण्याची पद्धत शासनाने 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाने जिल्हा स्तरावरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली, त्यात दर सोमवारी दुपारी 3 ते 5 ही वेळ ठरलेली आहे. याचा अनुभव फार चांगला आहे. कागद डोळ्यांनी पाहिला की माणसाचा संशय निवळतो आणि पुष्कळदा अर्जाची गरजच उरत नाही.

नकार द्यावाच लागला तर

नकाराचे कारण कलम 8 किंवा 9 मध्येच सापडले पाहिजे आणि ते त्या कागदाला कसे लागू होते, हे दोन-तीन वाक्यांत लिहिले पाहिजे. ‘चौकशी चालू आहे’ एवढे पुरत नाही; माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल, ते सांगावे लागते. वैयक्तिक माहितीविषयीच्या खंड 8(1)(ञ) चे शब्द डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 ने बदलून अधिक व्यापक केले आहेत, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक सावधगिरी हवी, कारण महसुली अभिलेखाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर कुणाचे ना कुणाचे नाव असतेच. कलम 8(2) मधील व्यापक लोकहिताची कसोटी कायम आहे. ती लावून पाहिली, असे टिपणीत दिसू द्यावे. कलम 10 प्रमाणे आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी एवढेच झाकून उरलेले पान देता येते. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, कलम 8(3) प्रमाणे, तीन खंडांचा अपवाद वगळता नाकारता येत नाही. अभिलेख कक्षातील बहुतांश कागद याहून जुने असतात.

नकाराच्या पत्रात प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम, पत्ता आणि तीस दिवसांची मुदत लिहिणे बंधनकारक आहे. अपिलात माहिती नाकारणे योग्य होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते, अर्जदारावर नव्हे. वाजवी कारणाशिवाय विलंब झाल्यास राज्य माहिती आयोग दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये शास्ती लावतो आणि ती जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते. सद्‌भावनेने दिलेल्या माहितीला मात्र कलम 21 चे संरक्षण आहे, तेव्हा देताना भिण्याचे कारण नाही.

प्रती देताना प्रत्येक पानावर माहिती अधिकार अधिनियमान्वये दिलेली सत्यप्रत असा शिक्का, सही, दिनांक आणि पान क्रमांक असावा. दिलेल्या प्रतींचा एक संच आणि टपालाची पोच नस्तीत लावावी. मग मूळ नोंदवही स्वतः कक्षात घेऊन जावी, गठ्ठा काढताना त्या जागी ठेवलेली चिठ्ठी उचलावी, बस्ता बांधून त्याच फळीवर ठेवावा, आणि देवघेव नोंदवहीत परत आल्याच्या रकान्यात तारीख टाकून सही करावी.